बुडणारे वेफर, आठ महिने: न खाणाऱ्या सकरसाठी

सकर म्हणजे काचेला तोंडाने चिकटणारा, घरच्या काचेच्या टाकीत पाळायचा मासा. तो टाकीची घाण खातो, त्याला वेगळं काही टाकावं लागत नाही, असं सांगून तो विकतात. हे खोटं आहे. काचेवरचं शेवाळ संपलं की तो उपाशी राहतो आणि पोट आत जातं. त्यासाठीच स्पिरुलिनाचे (एक प्रकारचं शेवाळ) बुडणारे वेफर, म्हणजे माशांच्या खाद्याच्या चकत्या, नोव्हेंबरपासून वापरात आहेत. टाकी दोन फुटी, पाणी बोअरचं, मासा चार इंची ब्रिस्टलनोज, म्हणजे सकरची लहान राहणारी जात.

पहिले दहा दिवस त्याने तोंड लावलं नाही. दोष वेफरचा नव्हता, वेळेचा होता. सकर रात्रीचा मासा. दिवा चालू असताना टाकलेलं सगळं टाकीतले गप्पी-मॉलीसारखे छोटे मासे फस्त करतात. दिवा मालवल्यावर अर्ध्या तासाने एक इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा टाकीतल्या लाकडाच्या बुडाशी टेकवायचा आणि त्यातून वेफर सोडायचा. वीसेक मिनिटांत कडा फुगतात. त्या मऊ कडेवर खरवडल्याच्या बारीक रेघा दिसल्या, की मासा खायला लागला समजा. उरलेलं सकाळी नळीने ओढून काढायलाच हवं. ते सडलं की अमोनिया वाढतो, आणि अमोनियाने मासा आणखी खाणं सोडतो.

तरीही हट्ट करत असेल तर दोन दिवस काहीच टाकू नका. मग दुधीची चकती तीन मिनिटं उकळून, गार करून, स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी ठेवा. तिला चिकटला की दुसऱ्या रात्री वेफर तिच्याशेजारीच टाका. चकती बारा तासांच्या वर ठेवू नका. टाकीत लाकूड हवंच, तो तेही खरवडतो.

आपल्याकडच्या हवामानाचा भाग मोठा आहे. डिसेंबर-जानेवारीत गोंदिया-भंडाऱ्याकडे पाणी 20 अंशांखाली गेलं की खाणं मंदावतं. 50 लिटरला 50 वॉटचा हीटर, 25 अंशांवर. लाइट गेली तर टाकीभोवती गोधडी गुंडाळा. मे महिन्यात उलटं: गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. बॅटरीचा एअर पंप ठेवा आणि वेफर अर्धाच, तोही दिवसाआड. पाणी बदलायचं तर संध्याकाळी, 20 टक्के, दोन्ही पाणी सारख्या तापमानाला आल्यावर.

पाकिटाबद्दल तक्रार दोनच. झिप घट्ट बसत नाही, त्यामुळे पावसाळ्यात वेफर ओलसर होऊन बुरशी धरतात. आणल्याबरोबर कोरड्या बरणीत भरा. दुसरी, घटकांत पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं आहे, स्पिरुलिना पार खाली. म्हणून आठवड्यातून दोन रात्री दुधी किंवा काकडी देणं चालूच ठेवलंय. एवढं सोडलं तर पोट भरून आलंय आणि पाकीट पुन्हा घ्यायला हरकत नाही.

सकर घेताना जात मात्र पाहून घ्या. साधा सकर फुटाच्या वर जातो, त्याला वेफर पुरत नाहीत आणि दोन फुटी टाकीही पुरत नाही. मोठा झाला म्हणून मामा तलावात (गावच्या जुन्या माजी मालगुजारी तलावात) सोडू नका. तो तिथे टिकतो, वाढतो आणि बिळं करून मातीची पाळ पोखरतो. दुकानदाराला परत द्या.