मायक्रोसूचरिंगचं सराव-किट: हत्यारं ठेवा, नळी विसरा

मायक्रोसूचरिंग म्हणजे मायक्रोस्कोपखाली बारीक धमन्या शिवणं. त्याच्या सरावासाठी ऑनलाइन मिळणाऱ्या या किटच्या डब्यात 3 आणि 5 नंबरचे ज्वेलर्स फोरसेप्स (बारीक टोकांचे चिमटे), मायक्रो कात्री, बिनलॉकचा नीडल होल्डर (सुई धरायचं हत्यार), दोन छोटे क्लॅम्प, 1 आणि 2 मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या नळ्या आणि 10-0 नायलॉनची (अतिबारीक टाक्यांच्या धाग्याची) काही पाकिटं येतात. मायक्रोस्कोप वेगळा घ्यावा लागतो. न्यूरोसर्जरीत एमसीएच (एमएसनंतरची तीन वर्षांची पदवी) करणाऱ्याने, त्यातही पुढे टीचिंगमध्येच राहायचं ठरवलेल्याने, हे घ्यावं का? घ्यावं, पण अर्धंच कामाला येईल हे धरून.

मुळात घरी सराव का करायचा? यासरगिल यांनी 1967 मध्ये झुरिकला डोक्याच्या कातडीतली धमनी मेंदूच्या धमनीला जोडली, तेव्हापासून हा बायपास न्यूरोसर्जनच्या हातात आहे. पण आधी 1985 चा मोठा अभ्यास आणि मग 2011 ची कॉस ट्रायल आली. कॅरोटिड (मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी) बंद पडलेल्या रुग्णांना बायपासने फायदा होत नाही असं दोन्हींत निघालं आणि केसेस आटल्या. आता उरले मुख्यतः मोयामोयाचे (मेंदूच्या धमन्या हळूहळू अरुंद होण्याचा आजार) रुग्ण आणि काही अवघड ॲन्युरिझम (धमनीला आलेले फुगे). एमएसनंतरच्या तीन वर्षांत रेसिडेंटच्या वाट्याला त्यातला एखादा टाका आला तरी पुष्कळ. असिस्टंट प्रोफेसर झाल्यावर मात्र तोच टाका ज्युनियरला शिकवायचा असतो.

आता हत्यारं. 5 नंबरचा फोरसेप्स आल्या आल्या 20 पट मोठा करून पाहा. हलकं दाबल्यावर टोकं अगदी शेंड्यालाच भेटली पाहिजेत. जोर वाढवल्यावर शेंडा उघडत असेल किंवा टोकं कात्रीसारखी एकमेकांवरून सरकत असतील तर त्याच दिवशी परत पाठवा, कारण 10-0 चा धागा जेमतेम 20 ते 29 मायक्रॉनचा, केसाच्या निम्म्याहून बारीक. तो अशा फटीतून निसटतो आणि माणूस आपल्याच हाताला दोष देत बसतो. नीडल होल्डरला लॉक नाही हे चांगलंच, लॉक सुटताना बसणारा हिसका टाका फाडतो. हत्यारं चुंबकित झाली तर सुई सुटता सुटत नाही. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत डीमॅग्नेटायझर (चुंबकत्व काढायचं यंत्र) विचारा.

मायक्रोस्कोपही तिकडेच बघा. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तो स्टिरिओ झूम (10 चे आयपीस, 0.7 ते 4.5 झूम) या कामाला पुरतो. फक्त त्याच्या लेन्सखाली जेमतेम 10 सेंटीमीटर जागा असते, हत्यारं आपटतात. खाली 0.5 ची लेन्स लावली की जागा 16 सेंटीमीटरच्या आसपास होते. मोठेपणा निम्मा होतो, तरी 20 पट पुष्कळ झाला. मायक्रोस्कोपला कॅमेऱ्यासाठीची तिसरी नळी घेताना दुकानातच तपासा: काही मॉडेलांत कॅमेरा चालू केला की एक डोळा अंधारतो. मग खोली कळत नाही आणि सगळाच खेळ संपला.

किटची खरी उणीव नळी. सिलिकॉन गोल उभं राहतं. धमनी कापली की चपटी होते आणि मागची भिंत पुढच्या टाक्यात अडकते. नवशिक्याची ही सगळ्यात मोठी चूक, आणि नळीवर ती होतच नाही. नळीला ॲडव्हेंटिशिया (धमनीचं बाहेरचं सैल आवरण) नाही, त्यामुळे टाक्याआधी ते काढून कापलेलं तोंड साफ करायची सवय लागत नाही. वर सिलिकॉन सुईची धार लवकर मारतं. गाठी बसेपर्यंत आठवडाभर नळी वापरा आणि थेट चिकनकडे वळा.

कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात किंवा घराजवळच्या चिकन सेंटरात ‘सालीसकट अख्खा पंख, सांधा न तोडता’ असं आधीच सांगा, नाहीतर सवयीने सुरा पडतोच. खांद्याकडच्या जाड भागात, आतल्या बाजूला, स्नायूच्या कडेने नसेसोबत धमनी सापडते, साधारण मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. खाली फुग्याचा निळा तुकडा सरकवा आणि लिटरला 9 ग्रॅम मिठाच्या पाण्याने ओली ठेवा. पहिले दोन टाके 120 अंशांवर घ्या, म्हणजे मागची भिंत आपोआप खाली पडते. एकूण आठ टाके. शेवटी 24 नंबरच्या पिवळ्या कॅन्युलाने (सलाइनच्या बारीक नळीने) शाईचं पाणी सोडून गळती बघा, मग धमनी उभी चिरून आतून बघा. बाहेरून देखणी दिसणारी जोडणी आतून कशी आहे ते तिथे कळतं. श्रावणात पंख होस्टेलच्या फ्रिजमध्ये ठेवायचे असतील तर रूममेटला आधी विचारलेलं बरं.

किट मूळचं हाताच्या आणि प्लास्टिक सर्जरीवाल्यांसाठीचं, म्हणून हत्यारं आखूड आणि सरळ. कवटीच्या आत तीन-चार सेंटीमीटर खोल काम करताना सरळ हत्यार धरणारा हातच नजरेआड येतो. तिथे बायोनेट (हात नजरेबाहेर राहावा म्हणून मध्ये वाकवलेलं हत्यार) लागतं. ते किटमध्ये नाही, वेगळं घ्या. तळ कापलेला कागदी चहाचा कप पंखावर ठेवून त्याच्या आतून टाके घातले की फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

सोबतच्या पुस्तिकेत ‘सुंदर’, ‘बरी’, ‘पुन्हा करा’ एवढीच गुणपद्धत आहे. टीचिंगवाल्याला ती कुचकामी. ॲनास्टोमोसिस लॅप्स इंडेक्स (जोडणीतल्या चुका मोजायची पद्धत) वापरा: मागची भिंत पकडली, टाका तिरका गेला, अंतर असमान, धागा पोकळीत राहिला, अशा दहा चुका मोजायच्या. व्हिडिओ आणि चिरलेल्या धमनीचा फोटो नाव झाकून दोघांकडून तपासून घेतला तर थीसिसचा विषयही निघतो. एथिक्स कमिटीला मात्र सुरुवातीलाच विचारा.

धागा लवकर संपतो. जादा पाकिटं विकत घेण्याआधी ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) मुदत संपलेली 10-0 ची पाकिटं विभागाच्या लेखी परवानगीने मागून बघा. आणि सराव करताना डोक्यावरचा पंखा बंद. एप्रिलमध्ये जीव जातो, पण वाऱ्यावर उडालेली सुई गादीत सापडते ती रात्री.