जुन्या एमजीबीचा अंतर्भाग: सांगलीतील एका कुशन कारखान्याच्या कामाचा अभिप्राय

जुन्या गाडीच्या आतले काम करणाऱ्या कारागिराची पारख तो काय काढून टाकायला नकार देतो यावरून करावी, असे माझे पक्के मत झाले आहे. सांगलीत शंभर फुटी रस्त्याच्या परिसरातील एका लहानशा कुशन कारखान्यात आमच्या 1966 सालच्या एमजीबी रोडस्टरची आसने, दारांचे पॅड, डॅशबोर्ड, स्टिअरिंग आणि तळावरचा गालिचा यांचे काम नुकतेच पूर्ण झाले. हाताशी आधीच भरपूर काम असल्यामुळे कारखान्याचे नाव छापू नये, अशी मालकांची विनंती आहे आणि ती मी पाळतो आहे. काम मात्र इतके विचारपूर्वक झाले आहे की, त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

एमजीबी ही इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे 1962 ते 1980 या काळात तयार झालेली, 1798 सीसी इंजिनाची गाडी. तिचे उत्पादन पाच लाखांहून अधिक झाल्यामुळे तिचे सुटे भाग आजही ब्रिटनमध्ये सहज मिळतात. आसनांची तयार कव्हरे, दारांचे पॅड, गालिचे असे सगळे संच मागवता येतात, आणि आम्हालाही अनेकांनी तोच सल्ला दिला होता. तो मी मानला नाही, कारण आमच्या काकांनी ही गाडी घेतली तेव्हापासूनचे मूळ चामडे तिच्या आसनांवर अजून शिल्लक होते. त्या काळातील एमजीबीच्या आसनांना बसायच्या आणि पाठीच्या भागावर खरे चामडे, बाजूंना त्याच रंगाचे रेक्झिन आणि कडेला वेगळ्या रंगाचा गोट असे. आमच्या गाडीचे चामडे काळे आणि गोट लाल आहे. उघड्या छताच्या गाडीवर सांगलीचा एप्रिल-मे किती वर्षे तापला असेल याची कल्पना केली, तर ते चामडे वाळून भेगाळले होते यात नवल नव्हते. चालकाच्या आसनाची दाराकडची कड तर चढता-उतरताना घासून पांढरी पडली होती आणि तिथल्या शिवणीचा दोरा बोट लावताच तुटत होता.

या कारखान्यात येण्यापूर्वी मी सांगली आणि मिरजेत बरीच चौकशी केली. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळाले: जुने सगळे फाडून टाकू, चांगल्या प्रतीचे रेक्झिन घालू, हवे तर चौकटीची शिलाई मारू. आजच्या गाड्यांना ते शोभतही असेल. पण सहा दशकांपूर्वीच्या साध्या, उभ्या पट्ट्यांच्या आसनावर जाड फोम भरून हिऱ्याच्या आकाराची शिलाई मारणे म्हणजे त्या गाडीची ओळख पुसणे आहे. इथल्या मिस्त्रींनी मात्र आसनाला हात लावण्याआधी खालून उलटे करून पाहिले, चामड्याची मागची बाजू नखाने खरवडली आणि म्हणाले, "साहेब, वरचा रंग मेलाय, कातडं नाही मेलेलं. हे टाकायचं नाही." काम त्यांनाच द्यायचे, हे माझे तिथेच ठरले.

चामड्याचे काम कसे झाले ते नीट सांगायला हवे, कारण सगळ्यात जास्त फसवणूक याच ठिकाणी होते. भेगा पडलेल्या चामड्यावर तेल किंवा चकाकी आणणारे पॉलिश चोळले, तर ते दोन दिवस मऊ आणि टवटवीत दिसते, पण तेच तेल पुढे रंगाला धरू देत नाही. इथे आधी सौम्य क्लीनर आणि मऊ ब्रशने वर्षानुवर्षांचा मळ काढला गेला, तोही चामडे भिजू न देता. त्यानंतर कव्हर उसवून त्याच्या मागच्या बाजूने मऊ करणारे द्रव्य थोडे थोडे लावले, आणि प्रत्येक वेळी ते मुरण्यासाठी कव्हर सावलीत सपाट पसरून ठेवले. वरच्या बाजूला जुन्या रंगाचा थर असल्यामुळे द्रव्य तिथून आत जात नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. जिथे चामडे आरपार फाटले होते, तिथे मागून पातळ कापडाचे ठिगळ चिकटवले. वरच्या भेगा लवचिक फिलरने भरून बारीक पॉलिश पेपरने घासल्या आणि मग पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे अगदी पातळ थर स्प्रेने दिले. शेवटचा थर मुद्दाम कमी चकाकीचा ठेवला. भेगा पूर्णपणे नाहीशा झालेल्या नाहीत. तिरप्या उजेडात त्यांच्या रेषा दिसतात, आणि त्या दिसाव्यात असेच मला वाटत होते.

शिलाईच्या वेळी मी मुद्दाम शेजारी बसून पाहिले. जुना सुती दोरा कुजला होता, म्हणून त्याऐवजी पॉलिस्टरचा मजबूत दोरा घेतला. चामड्याची शिवण नव्याने घालताना मशीन आपल्या गतीने चालवली, तर जुन्या छिद्रांच्या मधोमध नवी छिद्रे पडतात आणि ती कड पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते. हे टाळण्यासाठी कारागिराने मशीनचे चाक हाताने फिरवत, सुई प्रत्येक जुन्या छिद्रात उतरते आहे की नाही हे पाहत, एकेक टाका घातला. जिथे दोन जाड शिवणी एकत्र येतात, तिथे मशीन सोडून हातसुई घेतली. एका आसनाच्या पाठीला अशा रीतीने जवळपास पूर्ण दिवस गेला. असा संयम आजच्या बाजारात क्वचितच आढळतो आणि त्याची किंमत मोजायला मी आनंदाने तयार आहे.

आसनाच्या आतल्या भागात मात्र राखण्यासारखे काही उरले नव्हते. मूळ फोमचा हाताने चुरा होत होता आणि त्याला खालून आधार देणाऱ्या रबराच्या पट्ट्या ताण गमावून लोंबत होत्या. पट्ट्या नव्या घातल्या. फोमसाठी खाली घट्ट आणि वर मऊ असे दोन थर एकत्र चिकटवून, मूळ आकाराप्रमाणे धारदार सुरीने कापले. या कामात उंचीला फार महत्त्व असते. एमजीबीत माणूस जवळजवळ पाय पसरून बसतो, स्टिअरिंगचे चाक मोठे आहे आणि छत लावल्यावर डोक्यावर फारशी जागा उरत नाही. फोम थोडा जरी जास्त झाला, तरी मांड्या चाकाला घासतात. मिस्त्रींनी कव्हर चढवण्याआधी मला आणि माझ्यापेक्षा उंच असलेल्या भाच्याला नुसत्या फोमवर बसवून पाहिले आणि मग वरचा थर थोडा तासून कमी केला.

डॅशबोर्डचे काम मला सर्वांत अवघड वाटत होते. अमेरिकेत जाणाऱ्या एमजीबींना 1968 पासून गादीदार डॅशबोर्ड आला, पण आमच्या गाडीचा डॅशबोर्ड पत्र्याचा असून त्यावर सुरकुत्यांचा काळा रंग असतो. या रंगाची गंमत अशी की, वरचा पापुद्रा आधी वाळतो, खालचा थर त्यानंतर वाळताना त्याला ओढतो आणि त्यामुळे पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या उमटतात. थर पातळ झाला तर सुरकुत्या पडत नाहीत, कमी-जास्त झाला तर कुठे बारीक आणि कुठे मोठ्या पडतात. आमच्या डॅशबोर्डवर पूर्वी कोणीतरी साधा काळा रंग मारून टाकला होता. तो सगळा काढून, गंज साफ करून, प्राइमर देऊन मग सुरकुत्यांच्या रंगाचे तीन थर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने दिले: पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा तिरका. त्यानंतर तो पत्रा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका पावडर कोटिंगवाल्याच्या भट्टीत मंद आचेवर ठेवला. पहिल्यांदा ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूला सुरकुत्या मोठ्या आल्या. मी तसेच चालवून घेतले असते, पण त्यांनी स्वतःहून सगळा रंग उतरवला आणि पुन्हा काम केले, त्याचे पैसेही घेतले नाहीत. स्मिथ्स कंपनीच्या मूळ मीटरांना मात्र त्यांनी हात लावला नाही. फक्त कडेच्या रिंगा साफ केल्या. तबकडीवरची छपाई साध्या ओल्या कापडानेही निघून येऊ शकते, त्यामुळे हे शहाणपणाचेच झाले.

दारांच्या पॅडांबाबत माझी पहिली तक्रार आहे. मूळ हार्डबोर्ड ओल लागून फुगला होता, त्यामुळे तो नवीन कापावाच लागला. नव्या बोर्डच्या मागच्या बाजूला चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, हात दिले गेले, कारण कारखान्यातील एक वयस्कर कारागीर तरुणपणी मिरजेत सतारी-तंबोऱ्यांना पॉलिश करत असत आणि ओल रोखण्यासाठी त्यांचा भरवसा चपड्यावरच आहे. हे उत्तमच झाले. परंतु काचेच्या फटीतून दारात उतरणारे पावसाचे पाणी पॅडपर्यंत पोहोचू नये म्हणून दाराच्या पत्र्यावर आतून जाड प्लास्टिकचा कागद लावायचा असतो, तो लावलाच नव्हता. मी पॅड एका कोपऱ्यात उचलून पाहिला म्हणून हे लक्षात आले. सांगितल्यावर तो लगेच लावून दिला गेला, पण इतक्या काळजीने काम करणाऱ्यांकडून ही गोष्ट राहायला नको होती. क्लिपाही मूळ मापाच्या न मिळाल्याने मारुतीच्या वापरल्या आहेत. त्या बसल्या घट्ट, पण पुढे पॅड काढताना जपावे लागेल.

गालिच्याचे काम सरळ होते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागातील आमच्या घरी गाडीच्या तळापर्यंत पाणी आले होते. वरून गालिचा वाळला, पण खालचा नमदा, म्हणजे दाबलेल्या तंतूंचा जाड थर, ओल धरून राहिला आणि पत्र्याला गंज चढला. गंजाचे काम मी आधीच दुसरीकडे करून घेतले होते. इथे नमद्याऐवजी पाणी न शोषणारा फोम घातला आणि गालिचा चिकटवून न टाकता बटणांवर बसवला, म्हणजे पावसाळ्यात तो उचलून खाली हात घालून पाहता येतो. मूळपणाच्या बाबतीत मी कितीही आग्रही असलो, तरी नदीकाठच्या गावात नमदा परत घालणे मला पटले नसते.

स्टिअरिंगच्या चाकाला तारांचे आरे असून त्याच्या कडेचे प्लास्टिक आतल्या लोखंडी कड्यावर आकसून ठिकठिकाणी तडकले होते. प्रत्येक तडा आधी कानशीने इंग्रजी व्ही आकारात रुंद केला, इपॉक्सी भरली, घासली आणि रंग दिला. हाताला आता कुठेही सांधा लागत नाही.

खर्चाविषयी सांगायचे, तर दोन्ही आसनांना 46 हजार रुपये आणि सगळे मिळून एक लाखाच्या थोडे वर गेले. नुसती रेक्झिनची कव्हरे याच्या निम्म्याहून कमी पैशांत झाली असती, हे मान्य करूनही मला हा दर वाजवी वाटतो, कारण इथे पैसा मालापेक्षा हातांना जास्त लागतो. मात्र वेळेच्या बाबतीत कारखान्यावर विसंबून राहू नये. सांगितलेल्या मुदतीच्या दुपटीहून अधिक काळ गेला, मधल्या काळात फोनवर नीट उत्तर मिळत नसे, आणि अंदाजपत्रक लेखी न दिल्यामुळे शेवटी दारांच्या पॅडांच्या रकमेवरून थोडी वादावादी झाली. डाव्या आसनाचा नवा लाल गोट उजव्यापेक्षा किंचित गडद आहे. सावलीत दिसत नाही, उन्हात दिसतो. तो बदलून देण्याची त्यांची तयारी आहे, पण त्यासाठी ती शिवण पुन्हा उसवावी लागेल, म्हणून मीच नको म्हटले.

ज्यांच्या गाड्या पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आहेत आणि ज्यांना 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणी करून घ्यायची आहे, त्यांनी या प्रकारच्या कामाचा जरूर विचार करावा. त्या नियमात मूळ स्वरूप राखण्याची अट आहे आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांतील मोठे बदल चालत नाहीत. आसनांचा त्यात वेगळा उल्लेख नसला, तरी गाडीचा मूळ अंतर्भाग फाडून टाकल्यावर मूळ स्वरूपाची गोष्ट कोणत्या तोंडाने करायची? या कारखान्यात जाणाऱ्यांनी काम सुरू होण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो काढून ठेवावेत, प्रत्येक कामाची रक्कम कागदावर लिहून घ्यावी आणि रंगाचे काम शक्यतो पावसाळा सरल्यावर द्यावे. आमच्या गाडीचे कापडी छत अजून बाकी आहे. त्याच्या मागच्या खिडकीचे प्लास्टिक पिवळे पडले आहे, शिवणीतून पाणी झिरपते, आणि दिवाळीनंतर ते काम याच मिस्त्रींकडे द्यायचे मी ठरवले आहे, या खेपेला लेखी अंदाजपत्रक घेऊन.