स्वस्त म्हणून नव्हे, महाग म्हणून फसलो

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना 'किती गेले?' हा प्रश्न डोक्यात घोळत राहणार नाही. ३८,०८० रुपये. शनिवार, १० मे २०२५. सकाळी पावणेअकरा ते दुपारी सव्वाबारा, चार यूपीआय व्यवहार. रॉक कार्यक्रमाच्या दोन तिकिटांऐवजी एक पीडीएफ आणि कुणा अनोळखी माणसाच्या आधार कार्डाचा फोटो मिळाला.

मी नेरूळला राहतो. सिडकोची जुनी इमारत आहे, गच्चीवरून डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे दिसतात. १५ डिसेंबर २०१९ ला तिथे यू-टू हा आयरिश बँड आला होता, पहिल्यांदाच भारतात. तिकिटाचा आकडा बघून मी म्हटलं, इतके पैसे कशाला, गच्ची आहे की. वारा आपल्या बाजूला वळला की त्यांच्या गायकाचा, बोनोचा आवाज यायचा, फिरला की हायवेवरच्या ट्रकांचा. ए. आर. रहमान स्टेजवर आला होता हे दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं.

हे असं माझं आधीही झालंय. एप्रिल २००३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर रोलिंग स्टोन्स हा बँड वाजवून गेला, तेव्हा नवीन घराचे हप्ते सुरू होते. म्हटलं, येतील परत. ते काही आले नाहीत, आणि २०२१ मध्ये त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स गेला. फेब्रुवारी २००७ मध्ये बीकेसीला पिंक फ्लॉइडवाला रॉजर वॉटर्स येऊन गेला, तेव्हा ऑफिसचं ऑडिट होतं. हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच की माझ्याकडून पैसे काढणाऱ्या पोराला माझा हा दुखरा भाग बरोबर सापडला. मीच चॅटवर लिहून दिला त्याला.

गन्स एन रोझेस हा बँड म्हणजे माझं अकरावी-बारावीचं वेड. १९८७ चा त्यांचा पहिला अल्बम मित्राकडून टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतला होता, टेप गुंतली की पेन्सिल घालून फिरवायचो. २०१२ ला ते मुंबईत येऊन गेले, पण त्यात त्यांचा गिटारवाला स्लॅश नव्हता, म्हणून मनाला फारसं लागलं नाही. आता १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर स्लॅशसकट येणार होते. गायक ॲक्सल रोझ त्रेसष्ट वर्षांचा. पुढच्या खेपेला तो किती गाईल आणि मी किती उभा राहीन, दोन्ही सांगता येत नव्हतं.

मग वेळेवर तिकीट का काढलं नाही? नेहमीसारखी घासाघीस, दुसऱ्या कुणाशी नाही, स्वतःशीच. वाशीच्या भावे नाट्यगृहात पाचशेचं तिकीट काढताना मी बाल्कनीचा भाव विचारणारा माणूस. मार्चपासून नुसता विचार करत राहिलो आणि मे उजाडला.

मुख्य मुद्दा भावाचाच आहे. आपल्याला सगळीकडे शिकवतात की फार स्वस्त काही दिसलं तर सावध व्हा. मला दिसलेलं तिकीट स्वस्त नव्हतंच. एकाला चौदा हजार. आणि माझ्या मनाला तो भाव 'रास्त' वाटला, कारण सप्टेंबर २०२४ मधला कोल्डप्ले या बँडच्या तिकिटांचा तमाशा मी घरात बसून पाहिला होता. आमच्या घराशेजारच्या स्टेडियमवरचे ते कार्यक्रम. २२ तारखेला, रविवारी दुपारी बारा वाजता विक्री सुरू झाली. लेक दोन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन बसली होती आणि तिन्हीकडे रांगेतला नंबर लाखांत. सिडकोच्या लॉटरीत निदान अनामत रक्कम तरी परत येते! छापील किंमत अडीच हजारांपासून साडेबारा हजारांपर्यंत, लाउंजचं पस्तीस हजार. काही तासांत तीच तिकिटं पुन्हा विकायला निघाली, ती लाखांच्या भावात. पुढे पोलीस चौकशी झाली, ईडीच्या धाडी पडल्या. पण तोपर्यंत माझ्यासारख्याच्या डोक्यातला तराजू बिघडला होता. लाखाचं तिकीट बघितलेल्या माणसाला चौदा हजार म्हणजे सज्जनपणा वाटतो.

आणि हे इथलंच आहे असंही नाही. १९९४ मध्ये ईगल्स बँडवाले चौदा वर्षांनी एकत्र आले तेव्हा शंभर डॉलरच्या वरचं तिकीट बघून अमेरिकेतले लोक हबकले होते. २०२२ मध्ये कामगारांची गाणी गाणाऱ्या ब्रूस स्प्रिंगस्टीनची काही तिकिटं पाच हजार डॉलरपर्यंत चढली. विमानाच्या तिकिटासारखी, मागणी वाढली की भाव वर. २०२४ ला ओअ‍ॅसिस बँडच्या वेळी ब्रिटनमध्ये दीडशे पौंडांच्या आसपासचं उभं राहायचं तिकीट रांगेत नंबर लागेपर्यंत साडेतीनशेच्या पुढे गेलं. पूर्वी रेकॉर्ड खपाव्यात म्हणून दौरे काढायचे. आता रेकॉर्ड कोण विकत घेतो? गाणी फोनवर जवळजवळ फुकट, त्यामुळे कमाई दौऱ्यातूनच. म्हाताऱ्या बँडच्या तिकिटात आणखी एक अदृश्य चार्ज असतो, 'हे शेवटचं असेल' याचा. तो आपण आपल्या खुशीने भरतो.

तर, १० मेची सकाळ. तो आठवडा आठवत असेल. सीमेवर तणाव होता, आदल्याच दिवशी आयपीएल थांबवलं होतं, उत्तरेकडचे विमानतळ बंद होते. टेलिग्रामवरच्या तिकीट देवाणघेवाणीच्या एका ग्रुपवर संदेश दिसला: दोन तिकिटं, चंदीगडला राहतो, विमानतळ बंद, घरचे पाठवत नाहीत, मला पडली तेवढ्यालाच देतो. खाली तिघांनी 'मिळालं भाऊ, थँक्स' लिहिलेलं. ते तिघे कोण होते, हे आता सांगायला नको.

मी मेसेज केला. लगेच भाव नाही बोलला. आधी विचारलं, "अंकल, आप कब से सुनते हो?" मी भडाभडा सगळं लिहिलं, कॅसेट, ब्रेबॉर्न, गच्ची. तो म्हणाला, मग तिकीट तुम्हालाच, दुसरा एक जण वीस द्यायला तयार आहे पण तो नुसता रील बनवणारा आहे. मी खूश झालो, हे कबूल करतो. चोपन्नाव्या वर्षी एका पोराने मला खरा चाहता म्हटलं.

मी अगदीच बावळट नव्हतो. व्हिडिओ कॉल कर म्हटलं. तो म्हणाला, रात्रीपासून ब्लॅकआउट, नेटवर्क धड नाही. चंदीगडला ब्लॅकआउट होता हे मी स्वतः टीव्हीवर पाहिलं होतं, त्यामुळे पटलं. मग त्याने तिकिटाचं स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवलं. ॲप उघडतंय, बुकिंग दिसतंय, बोट खाली सरकतंय. वर स्वतःच्या आधार कार्डाचा फोटो. "अंकल, विश्वास के लिए." आणि मीही, विश्वासाला विश्वास म्हणून, माझ्या आधारचा फोटो पाठवून दिला. न मागता.

आधी पाच हजार टोकन. यूपीआयवर नाव आलं कुठल्याशा किराणा दुकानाचं. विचारलं तर म्हणाला, चुलत भावाचं दुकान, माझी मर्यादा संपली. मग उरलेले तेवीस हजार. मग पीडीएफ आली आणि सोबत निरोप: तिकीट तुमच्या नावावर ट्रान्सफर होताना अठरा टक्के जीएसटी अडकतो, ५,०४० पाठवा, ट्रान्सफर झाला की आपोआप परत येतो. तिकिटावर अठरा टक्के जीएसटी असतो हे मला माहीत होतं, आणि अठ्ठावीस हजारांचे अठरा टक्के बरोबर ५,०४० होतात. मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं! हिशेब जुळला म्हणून माणूस खरा वाटला. तीस वर्षं अकाउंट्समध्ये काढल्याचं हे फळ. तो जीएसटी तिकीट विकतानाच किमतीत धरलेला असतो, नंतर वेगळा कुणी मागत नाही, एवढं त्या घडीला सुचलं नाही.

ते पाठवल्यावर म्हणाला, तुम्ही रिमार्कमध्ये बुकिंग नंबर टाकला नाही, सिस्टीमने धरलं नाही, पुन्हा पाठवा, दोन्ही एकदम परत येतील. पाठवले. त्यानंतर साडेसात हजार 'विम्याचे' मागितले, तेव्हा माझी दिवसाची मर्यादा जवळ आली होती, म्हणून लेकीला फोन लावला. ती ऐरोलीला ऑफिसात होती. तिला आधी विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. अर्धं ऐकूनच ती म्हणाली, "बाबा, थांब. एक पैसा पाठवू नकोस. आत्ताच्या आत्ता १९३० ला फोन कर."

१९३० म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. मी फोन केला नाही. सर्वांत मोठी चूक इथे झाली, पैसे पाठवण्यापेक्षाही मोठी. मला वाटलं, पोलिसांत गेलो तर तो बिथरेल आणि पैसे देणार नाही. म्हणून साडेबारापासून त्याला विनवत बसलो. "तिकीट नको, निम्मे तरी परत कर." तो अधूनमधून 'होतंय अंकल, बँकेशी बोलतोय' असं टाकत राहिला. सहा तास. त्या सहा तासांत पहिल्या खात्यातले अठ्ठावीस हजार तीन हात पुढे गेले होते. संध्याकाळी सात वाजता १९३० लावला, राष्ट्रीय सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार भरली. शेवटचे दोन हप्ते वेगळ्या खात्यात गेले होते, तिथे १०,०८० रुपये गोठवता आले. तक्रारीत प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, लागतो. तो ॲपमध्येच असतो, पण हात थरथरत असताना सापडत नाही. चॅट पुसू नका, ग्रुप सोडू नका. मी रागाच्या भरात ग्रुप सोडला आणि त्याचा तो संदेश हातचा गेला.

सोमवारी सायबर कक्षात गेलो. तिथल्या महिला कॉन्स्टेबलने माझा फोन हातात घेऊन ते स्क्रीन रेकॉर्डिंग लावलं, आणि दोन सेकंदांत म्हणाली, "काका, हे आमच्याकडे आहे." दुसऱ्या एका तक्रारीतलं रेकॉर्डिंग तिने शेजारी ठेवून दाखवलं. तेच बोट, तीच वेळ ९:१७, वरच्या कोपऱ्यात बॅटरी ४३ टक्के. त्यात फक्त विकणारा इंदूरचा होता आणि त्याच्या आईचं ऑपरेशन निघालं होतं. मग तिने माझ्या पीडीएफवर बोट ठेवलं. तारीख १७ मे, वार रविवार. १७ मेला शनिवार होता. आठवडाभर मी त्या शनिवारची वाट बघत होतो आणि तेवढं मला वाचता आलं नव्हतं.

"आणि ते आधारवाले?" मी विचारलं. ती म्हणाली, ते तुमच्यासारखेच कुणीतरी.

हे ऐकून पैशांपेक्षा जास्त धसका बसला. म्हणजे आता माझं आधार कुणाला तरी 'विश्वास के लिए' जात असेल. नेरूळचा, चोपन्न वर्षांचा, साधा दिसणारा माणूस, कुणालाही खरा वाटेल असा. त्या रात्रीच आधारच्या संकेतस्थळावर जाऊन बायोमेट्रिक लॉक केलं आणि दिलेल्या फोटोबद्दल तक्रारीत पुरवणी जोडली. पण फोटो तर गेलाच आहे.

गोठलेले १०,०८० अजून माझ्या खात्यात आलेले नाहीत, तेव्हा त्याला न्यायालयाचा आदेश लागायचा, अर्ज दिला आहे. बायको त्यावर काही बोलली नाही. फक्त भावे नाट्यगृहाची जाहिरात आली की पेपर माझ्यासमोर उघडा ठेवते.

कार्यक्रमासाठी म्हणून मी आधीच एक काळा टी-शर्ट घेऊन ठेवला होता, साडेतीनशे रुपयांचा, पिस्तुलं आणि गुलाबांचं चित्र असलेला. तो मी सकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबईला फेऱ्या मारायला घालतो. जूनमध्ये एक कॉलेजचा मुलगा धावता धावता थांबला. "अंकल, भारी टी-शर्ट! गेला होतात का रेसकोर्सला?"

मी म्हटलं, "हो. पुढेच उभा होतो."