ट्रम्पेट घ्यावं की युफोनियम? कबड्डी खेळून बँडमध्ये यायचं असेल तर

कापूस वेचणीला आला की आमच्याकडे दोन हंगाम एकदम सुरू होतात. रात्री दिव्यांखालचे कबड्डीचे सामने आणि तुळशीचं लग्न उरकलं की लग्नसराई. खेड्यात मैदानावर जी पोरं दिसतात तीच बँड पथकातही असतात. दरवर्षी त्यांच्यातला एखादा विचारतो, 'दादा, शिकायचंच आहे तर ट्रम्पेट घेऊ की युफोनियम?' मी युफोनियम वाजवतो, म्हणजे ट्रम्पेटपेक्षा मोठं, खालच्या सुरातलं, वर तोंड असलेलं पितळी वाद्य, तेव्हा माझा ओढा तिकडे असणारच. तरी ट्रम्पेटचं जे श्रेय आहे ते त्याला देऊनच बोलतो.

बोटांची चिंता आधी सोडा. दोन्ही बी-फ्लॅट या मूळ सुराची वाद्यं, दोन्हीला तीन पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा. पहिला दाबला की सूर एक पूर्ण स्वर उतरतो, दुसऱ्याने अर्धा, तिसऱ्याने दीड. काही युफोनियमना चौथा पिस्टन असतो, पण सुरुवातीला त्याची गरज पडत नाही. ट्रम्पेटची नळी उलगडली तर साडेचार-पाच फूट भरेल, युफोनियमची नऊच्या आसपास. म्हणून युफोनियम एक सप्तक खाली बोलतं. एकावर बसलेली बोटं दुसऱ्यावर तशीच चालतात.

खरा फरक ओठात आहे. ट्रम्पेटच्या माउथपीसची, म्हणजे ओठ टेकवायच्या तोंडाची, वाटी आतून सोळा-सतरा मिलिमीटर, युफोनियमची पंचवीसच्या आगेमागे. ट्रम्पेटमध्ये ओठाचा अगदी लहानसा भाग थरथरतो आणि वरचे सूर काढायला तो घट्ट आवळून धरावा लागतो. वरात दोन-अडीच तास चालली की नवख्याचा ओठ सुन्न होतो. मग तो माउथपीस दातांवर दाबून सूर काढायला बघतो, आणि तिथून वळ उठायला लागतात. चार दिवस रियाज चुकला तरी ट्रम्पेट लगेच चुगली करतं. युफोनियम जास्त हवा मागतं, पण ओठाला सोसवेल इतकंच काम देतं.

कबड्डीवाल्यांनी हे नीट ऐकावं. चढाई तीस सेकंदांची, तेवढ्यात दम न तोडता 'कबड्डी' चालू ठेवायची. ज्याची छाती याला सरावली आहे त्याला युफोनियमची लांब तान पेलायला फार वेळ लागत नाही. ट्रम्पेटला हवा कमी पण दाबून लागते, तो सराव मैदानावर होत नाही. दुसरी गोष्ट दुखापतीची. पकडीत कुणाचं कोपर तोंडाला लागलं, ओठ फुटला, की ट्रम्पेटवाल्याची लग्नाची तारीख गेली म्हणून समजा. इवल्याशा कड्याखाली तीच जखम येते. मोठ्या माउथपीसवर जागा थोडी सरकवून वेळ निभावता येते. बोट मुरगळलं तर मात्र दोघांचीही गत सारखीच.

२ मार्च २०२५ चा दिवस मला यासाठी आठवतो. नागपूरजवळ जामठ्याला विदर्भाने केरळविरुद्धची रणजी अंतिम लढत अनिर्णित ठेवून पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक जिंकला. २०१७-१८ आणि २०१८-१९ नंतरचा हा तिसरा. त्याआधीच्या हंगामात वानखेडेवर मुंबईकडून हरल्याचं दुःख होतंच, त्यामुळे त्या संध्याकाळी गावात वाजवायचंच असं ठरलं. सकाळची वरात करून आलेल्या ट्रम्पेटवाल्या पोरांचे ओठ संपलेले होते. चाल आम्ही युफोनियमवर उचलली, ती पोरं मध्ये मध्ये दोन-दोन सूर टाकत राहिली, आणि पारापासून मारुतीच्या देवळापर्यंत मिरवणूक निघाली. त्या सामन्यात ३ बाद २४ वरून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावा जोडल्या होत्या. मालेवारचे १५३ सगळ्यांच्या तोंडी आहेत, समोर ८६ करून उभा राहिलेला नायर कमी लोक आठवतात. पथकात युफोनियमची जागा ती आहे. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला, त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आता ट्रम्पेटची बाजू. चाल त्याची असते, लोक त्याच्याकडे बघतात, दौलतजादाही त्याच्याच हातात पडते. त्याचं तोंड समोर असतं, म्हणून चौकात आवाज भाल्यासारखा जातो. हल्ली वरातीत शेजारून धुमाल पथकाची गाडी आली, तिचे इलेक्ट्रॉनिक ड्रमचे पॅड आणि मोठे स्पीकर सुरू झाले, तर युफोनियमचा आवाज वर आभाळात विरून जातो; ट्रम्पेट निदान ऐकू तरी येतं. वजन किलोच्या थोडं वर, युफोनियम तीन किलोंच्या पुढे आणि सगळा भार डाव्या हातावर. बारीक अंगाच्या पोराला उन्हात तासभर ते घेऊन चालणं जड जातं. नवं ट्रम्पेट स्वस्तही पडतं. मंडपात किंवा देवळाच्या सभामंडपात मात्र युफोनियम असं भरून येतं की बोलणारे गप्प होतात. त्यासाठी मी बाकीचं सगळं सोसायला तयार आहे.

उन्हाळा दोघांनाही सारखा छळतो. पंचेचाळीस अंशांत पितळ तापलं की सूर चढा लागतो, आणि सोबत कॅसिओ कीबोर्ड असेल तर त्याचा सूर जागचा हलत नाही. ऐकणाऱ्याला लगेच खटकतं. सावलीत सूर जुळवून उन्हात गेलात तर मुख्य नळी थोडी बाहेर ओढावी लागते. वाद्य ओट्यावर उन्हात ठेवू नका, माउथपीस खिशात ठेवा. धुरळ्याने पिस्टन अडकतात, तेलाची बाटली सोबत लागतेच.

तेव्हा माझं मत असं. कबड्डी सोडायची नसेल, रोज संध्याकाळ रियाजाला देता येणार नसेल, तर युफोनियम. मैदान फक्त बघायला जाणारे असाल, पहाटे अर्धा तास ओठ घडवायची तयारी असेल आणि पुढे उभं राहायची हौस असेल, तर बेलाशक ट्रम्पेट. पंधराच्या आतलं पोरगं असेल तर ट्रम्पेटवर सुरू करून नंतर बदलायला हरकत नाही, बोटं तीच राहतात.

घेण्याआधी पथकातल्या मास्तरांकडून दोन्हींचे माउथपीस आठवडाभर मागून आणा आणि नुसते फुंकून बघा. ओठ स्वतःच सांगेल. आपल्याकडे बहुतेक वाद्यं मेरठच्या जली कोठीतली असतात. जुनं घेताना खरचटा-पोचा बघत बसू नका. दुसऱ्या पिस्टनची छोटी नळी पिस्टन न दाबता थोडी बाहेर ओढायची, पूर्ण काढायची नाही, मग पिस्टन दाबायचा. 'पक्' असा आवाज आला तर आत हवा धरून आहे. काहीच आवाज आला नाही तर पिस्टन झिजलाय. मालक कितीही कमी करू दे, ते वाद्य घेऊ नका.