काम सुटल्यावर कान गेले: भरपाई मालकाकडून की ईएसआयकडून?

गोव्यात डिचोली-सत्तरीच्या खाणीत ड्रिलवर वर्षं काढलेल्याला, किंवा वेर्ण्याच्या कारखान्यात प्रेसवर उभं राहिलेल्याला, कमी ऐकू येतंय हे बहुतेकदा घरी बसल्यावरच कळतं. तोवर हिशोब घेऊन कागदावर सहीही झालेली असते. त्या सहीने घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कायद्यात रद्दबातल आहे.

दोन वाटा आहेत, पण निवड तुमच्या हातात नाही. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता, तर मालकावर भरपाईचा दावा चालत नाही, ईएसआयकडेच जायचं. खाणींना तेव्हा ईएसआय लागू नव्हता, म्हणून खाणवाल्यांसाठी 1923 चा भरपाई कायदा. तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. चौकशी पणजीत पाटोवर, श्रमशक्ती भवनातल्या कामगार आयुक्तांकडे.

मालकाकडची भरपाई एकरकमी असते. 15,000 पगार (2020 पासून हिशेबात धरलेली कमाल मर्यादा), वय 50, कमाईची ताकद 20 टक्के घटलेली: 9,000 (पगाराचे 60 टक्के) गुणिले 153.09 (वयाप्रमाणे ठरलेला गुणक), त्याचे 20 टक्के, म्हणजे सुमारे 2 लाख 75 हजार. ईएसआय मात्र सरासरी पगाराच्या 90 टक्क्यांवर, घटीच्या प्रमाणात, दरमहा आयुष्यभर देतं. चाळिशीतल्या माणसाला हेच बरं, असं माझं मत. एकरकमी पैसा घराच्या छपरात जातो.

खरा पेच मुदतीचा. 1923 च्या कायद्यात काम सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणं दिसली, तर ती प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा धरतात आणि तिथून दावा करायला दोन वर्षं. मार्च 2018 ला खाण बंद पडली आणि कानाची तक्रार 2023 मध्ये पहिल्यांदा कागदावर आली, तर बाजू लंगडीच. म्हणून आधी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, करून घ्या, तारखेसकट. आवाजाने बिघडलेल्या कानाच्या आलेखात साधारण 4,000 हर्ट्झपाशी खड्डा पडतो आणि पुढे रेघ पुन्हा वर येते. वयाने गेलेल्या कानाची रेघ उतरतच जाते. मालकाचा वकील वयावरच बोट ठेवणार, तेव्हा हा खड्डाच कामी येतो.

कंबर, गुडघे? आवाजाचं बहिरेपण आणि कामामुळे जडलेला दमा व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत, झिजलेली कंबर नाही. तिथे कामावर घडलेला ठरावीक अपघात दाखवावा लागतो. वजन उचलताना चमक भरली त्या दिवसाची नोंद असेल, तरच वकिलाची फी भरा.