रीममध्ये खुपसायचं हायग्रोमीटर : पावसाळा, दिवाळी सीझन आणि उन्हाळा वापरून झाल्यावर

तलवारीच्या पात्यासारखा चपटा सेन्सर असलेलं हे हायग्रोमीटर मागच्या जूनमध्ये प्रेससाठी घेतलं. पातं गड्डीत कागदांच्या मध्ये सरकवायचं, की आतली सापेक्ष आर्द्रता आणि तापमान दिसतं. पुण्यात पेठेत आमचं चार रंगांचं ऑफसेट आहे. कामं बहुतेक कॅलेंडरं, ब्रोशर आणि लेबलं. थेट सांगतो : पैसे वसूल झाले. पण लादी आणि पट्टी अडगळीत टाकू नका.

ग्रॅनाइटच्या लादीवर शीट पसरून कोपरे किती उचललेत ते स्टीलच्या पट्टीने बघायचं आणि बारीक लाटेखाली फीलर गेज (ठरलेल्या जाडीची पातळ पट्टी) सरकवायचं, ही आमची जुनी पद्धत. कागद कुठल्या तऱ्हेने बिघडलाय हे अजूनही लादीच सांगते. कडांना लाटा आणि मधला भाग सपाट असेल, तर कोरडा कागद दमट हवेत उघडलाय. कडांनी ओल ओढली, त्या लांबल्या, मधला भाग होता तेवढाच राहिला. कडा ताणलेल्या आणि मध्ये पोट आलेलं असेल, तर कागद ओलसर होता आणि हवा कोरडी. पहिला प्रकार जुलैचा, दुसरा मार्च-एप्रिलच्या दुपारचा. गोम एवढीच, की लादीवर हे दिसेपर्यंत सगळी रीम उघडलेली असते.

हायग्रोमीटर ते आधी सांगतं. रॅपर एका बाजूला जरासं कापायचं, पातं आत घालायचं, खोलीच्या आकड्याशी ताडून बघायचं. फरक ५ टक्क्यांच्या आत असेल तर बिनधास्त मशीनला लावा. ८-१० च्या पुढे गेला की मशीनमन हमखास म्हणणार, "साहेब, कागद नाचतोय." जुलैत भिवंडीच्या गोडाऊनमधून आलेला आर्ट पेपर आत ५० च्या आसपास निघाला, खोली मात्र ८० ला. अशा वेळी रीम नुसती दोन दिवस खोलीत ठेवून उपयोग नाही. रॅपर ओल अडवण्यासाठीच असतो, त्यामुळे तापमान जुळेल, आर्द्रता नाही. खोलीच कागदाकडे न्यावी लागते : दारं बंद, डीह्युमिडिफायर चालू, आणि एका पासनंतर (कागद मशीनमधून एकदा गेल्यावर) दुसऱ्यापर्यंत गड्डी प्लास्टिकखाली.

एवढी यातायात कशासाठी? ओलीने कागदाचे तंतू लांबीपेक्षा जाडीला जास्त फुगतात, म्हणून ग्रेनच्या, म्हणजे तंतू ज्या दिशेने पसरलेत तिच्या, आडव्या दिशेला शीट कितीतरी पट अधिक वाढतं. त्या दिशेला नुसता ०.१ टक्का वाढला, तरी ३६ इंचांत ०.९ मिमी होतात. रजिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे चारही रंग एकमेकांवर नेमके बसवताना, आपण दशांश मिलिमीटरवर भांडतो. कॅलेंडरवरच्या गणपतीच्या डोळ्याला दुहेरी कड आली, की गिऱ्हाईक बिल अडवतं.

आता तक्रारी. पात्याचं तापमान गड्डीशी जुळेपर्यंत थांबावंच लागतं, कारण एका अंशाच्या फरकाने आकडा साधारण ३ टक्के हलतो. घाईच्या माणसाने याच्या वाटेला जाऊ नये. दुसरं, स्प्रे पावडर (छापलेली शीटं चिकटू नयेत म्हणून मारतात ती भुकटी) आणि आयपीएच्या (आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या) वाफांमध्ये सेन्सर हळूहळू सरकतो. तपासणी घरच्या घरी होते : वाटीत साधं मीठ घ्या, चिखल होईल इतपतच पाणी घाला, पात्यासकट हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. २५ अंशांना आकडा ७५ च्या जवळ यायला हवा. माझं दिवाळीनंतर ७९ दाखवू लागलं. विकणाऱ्यांकडे कॅलिब्रेशनला (आकडा पुन्हा नेमका करायला) द्यावं, तर ऐन सीझनमध्ये आठवडेच्या आठवडे परत आलं नसतं. म्हणून मनातल्या मनात ४ वजा करत काम ओढलं.

आणि एका बाजूने कोटिंग असलेल्या लेबल पेपरपुढे हे हतबल आहे. आत-बाहेरचा आकडा अगदी जुळला तरी शीट वळू शकतं, कारण दोन्ही बाजू सारख्या फुगत नाहीत. तिथे शीट उभं टांगून वळण बघणं हाच खात्रीचा मार्ग.

माहितीपत्रकातली एक गोष्ट वाचून गोंधळू नका : २३ अंश आणि ५० टक्के हे कागदाच्या प्रयोगशाळेचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आपल्याकडे चाचणीसाठी २७ आणि ६५ ही जोडीही चालते. मिल कुठल्या हवेतला आकडा देतेय ते विचारून घ्या. नाहीतर रीममध्ये दिसलेला आकडा मिलने दिलेल्या आकड्याशी जुळत नाही म्हणून उगाच वाद होतात.

बिलबुकं, पावत्या, एकरंगी पत्रकं एवढंच छापत असाल तर घेऊ नका. त्याच पैशात खोलीत लावायचं साधं मीटर घ्या आणि रॅपर मशीनशेजारीच, काम सुरू करतानाच फोडा.