मंगल कार्यालयातल्या लॅपटॉप सेलमध्ये माझे 14,000 रुपये गेले

मंगल कार्यालयात दोन दिवसांचा लॅपटॉप सेल लागला की तिकडं फिरकू नका. गेलातच तर खिसा रिकामा ठेवून जा. लॅपटॉपचे 11,500, ‘सॉफ्टवेअर पॅक’चे 1,800 आणि तीन वर्षांच्या वॉरंटीचे 700, असे 14,000 रुपये मी परभणीत एका गोडबोल्या माणसाला दिले. त्या बदल्यात घरात जे येऊन पडलंय त्याच्यावर आज साधं पंचांगसुद्धा उघडत नाही.

ज्यांना हसायचंय त्यांनी आधी हसून घ्या. मी सेलूच्या मोंढ्यात आडतीवर हिशेब लिहितो. पट्टी, हमाली, तोलाई, कच्ची पावती, पक्की पावती, यातच केस पांढरे झाले. भावकीत कुणाला काही घ्यायचं असलं की मला विचारतात. बायको म्हणती, “आता गावभर कामून सांगायलात?” सांगायचं यासाठी, की माझ्यासमोरच त्या हॉलमध्ये निदान पंधरा-वीस जण पेट्या घेऊन बाहेर पडले आणि सगळे आपल्यासारखेच होते. कापसाच्या नाहीतर सोयाबीनच्या पैशात लेकराला लॅपटॉप घेणारे.

मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिला हिशेबाची टॅली शिकायची होती आणि परीक्षा परिषदेची मराठी 30ची टायपिंग परीक्षा द्यायची होती. दुकानात चौकशी केली तर तीस हजारांच्या खाली कुणी बोलायला तयार नाही. सोयाबीनला काय भाव मिळतोय ते मी रोज लिहितो, त्यामुळं तीस हजार म्हणजे किती पोती, हे मला कुणी सांगायला नको.

सेलमध्ये टेबलांवर ओळीनं काळे लॅपटॉप मांडलेले. विकणाऱ्यानं ‘क्रोमबुक’ हे नाव लपवलं नाही. “गूगलचा लॅपटॉप आहे सर, व्हायरस येतच नाही, टॅली नंतर टाकून देऊ,” म्हणला. टॅली टाकून देऊ! आता मला पाठ झालंय: क्रोमबुकवर विंडोज नसतं, गूगलचं क्रोमओएस असतं. टॅलीची, टायपिंगच्या सरावाची, मराठी अक्षरांच्या श्रीलिपीची जी विंडोजची एक्सई फाइल असते ती त्याच्यावर चालतच नाही. मग 1,800 रुपयांचा पॅक कशाचा? त्या पाकिटात एक सीडी निघाली. लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही.

वस्तूला मी नावं ठेवत नाही. क्रोमबुक 2011पासून जगात विकली जातात. ज्याचं काम ईमेल, यूट्यूब, ऑनलाइन क्लास, गूगल डॉक्स, फॉर्म भरणं एवढ्यावर भागतं, त्याला ती पुरतात, बॅटरीही चांगली चालते. पण घरात इंटरनेट पाहिजे आणि विंडोजच्या सॉफ्टवेअरचं काम नको. तुमच्या लेकराला टॅली, टायपिंग किंवा आधारचं अंगठ्याचं मशीन जोडून काम करायचं असेल तर क्रोमबुक फुकट दिलं तरी उपयोग नाही. हे एक वाक्य मला कुणी बोललं असतं तर मी त्या टेबलापासूनच परत फिरलो असतो.

आणि ‘4 आणि 32’चा घोळ. विकणारा सारखा ओरडत होता, “चार आणि बत्तीस, चार आणि बत्तीस!” मला वाटलं काहीतरी मोठं असणार. चार जीबी रॅम आणि बत्तीस जीबी साठवण, म्हणजे माझ्या मोबाइलमध्ये यापेक्षा जास्त आहे. वर हे सगळं बोर्डवरच झाळलेलं, पुढं वाढवता येत नाही.

आता ती गोष्ट, जी आठवली की रात्री झोप उडते. मी म्हणलं, माझ्या मुलीचा जीमेल टाकून दाखवा. तो म्हणला, “सर, इथं ओटीपीला रेंज नाही, गेस्टमध्ये दाखवतो.” गेस्ट म्हणजे कुणाचंच खातं न टाकता तात्पुरतं वापरणं. त्यानं पडदा उघडला. त्या पडद्यावर बारीक अक्षरात एक इंग्रजी ओळ होती आणि शेवटी कुठल्या तरी अमेरिकेतल्या शाळेचा इंटरनेट पत्ता. मी बोट ठेवून विचारलं, हे काय? त्यानं डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, “कंपनीचं सर्टिफिकेट आहे, म्हणजे माल ओरिजनल.” मग मी लॅपटॉप उलटा केला. खाली एका चौकोनात गोंद चिकटलेला, त्यात बारकोडचं अर्धं चिटोरं राहिलेलं, बाकीचं नखानं खरवडलेलं. कॅप्स लॉकच्या जागी भिंगाचं चित्र असलेलं बटण. तिन्ही गोष्टी मी बघितल्या, तिन्ही विचारल्या, तिन्हीला त्याच्याकडं उत्तर तयार होतं. याच्यापेक्षा जास्त ग्राहकानं काय करायचं? मागं माणसांची रांग, मुलगी हाताला धरून म्हणती, “घ्या ना पप्पा.” पैसे टाकायचा स्कॅनर एका बाईच्या नावाचा निघाला. तर म्हणला, घरच्यांचं खातं आहे.

घरी आठवडाभर मुलीनं गेस्टमध्येच काम केलं. कॉलेजचा प्रोजेक्ट टाइप केला, डाउनलोडमध्ये ठेवला, लॅपटॉप बंद केला. सकाळी फाइल गायब. मी तिलाच रागावलो. खरं म्हणजे गेस्टमधून बाहेर पडलं की आतलं सगळं पुसलं जातं, ती रचनाच तशी आहे. जीमेल टाकला तर घेईना, कारण यंत्र त्या अमेरिकेतल्या शाळेच्या नावावर नोंदवलेलं आणि शाळेच्याच खात्याला दार उघडणार. फोन केला तर गोडबोल्या म्हणला, “पॉवरवॉश मारा, कोरा करकरीत होईल.” पॉवरवॉश म्हणजे आतलं सगळं पुसून टाकणं. फोनवरच बटणं सांगितली: कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट, आर. मारला. तेव्हापासून एकच पडदा येतो, शाळेच्या ॲडमिनचं खातं टाका. गेस्टही गेला. ज्या शाळेनं नोंदवलंय तिनं स्वतः सोडल्याशिवाय ते सुटत नाही. दुरुस्तीवाल्यानं बघायचे 300 घेतले आणि सांगितलं, मदरबोर्ड बदलावा लागेल, 5,500 लागतील. पुढं असंही कळलं, की या मॉडेलचे गूगलचे अपडेट जून 2022मध्येच संपलेत. म्हणजे सुटलं असतं तरी म्हातारंच.

त्यानंतर गोडबोल्याचा फोन बंद.

आता साहेब लोकांचं ऐका. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन लावला. तिकडून प्रश्न आला, ओटीपी दिला का? लिंकवर क्लिक केलं का? नाही म्हणलं. मग हे सायबरमध्ये बसत नाही, वस्तू तर तुम्हाला मिळाली ना! ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार लॅपटॉपकडं बघून म्हणले, “चालू तर होतोय की.” मी म्हणलं, साहेब, चालू होऊन काय करू, आरती ओवाळू? म्हणले, दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा. फसवणूक आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 318मध्ये येते, हे मी कागदावर लिहून नेलं होतं. कागद बाजूला सारला आणि विचारलं, “वकील हाय का तुम्ही?” ग्राहकांच्या 1915 हेल्पलाइनवर लावला, तिथं कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर मागितला. पावतीवर वर ‘एस्टिमेट’ छापलेलं, जीएसटी नंबर नाही, पत्ता संभाजीनगरचा. भाच्याला पाठवलं तर त्या पत्त्यावर पिठाची गिरणी. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण नोटीस पाठवायची कुणाला, गिरणीला? मंगल कार्यालयाचा मॅनेजर म्हणतो, पोलिसांचं पत्र आणा, मग हॉल घेणाऱ्याचं नाव सांगतो. पोलीस म्हणतात, नाव आणा, मग पत्र देतो. ही गोल फिरवाफिरवी बघून घाण्याचा बैलसुद्धा लाजला असता. 14,000 रुपये यांना चिल्लर वाटतात. माझा महिन्याचा पगार यापेक्षा काही फार जास्त नाही.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर नुसतं परत येऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173प्रमाणं तीच तक्रार लेखी, पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. मी रजिस्टर पोस्टानं पाठवली आहे, पोचपावती जपून ठेवली आहे.

जुना क्रोमबुक घेणाराच असाल तर टेबलावरच आपला जीमेल टाकून आत शिरून बघा. रेंज नाही म्हणला तर आपल्या मोबाइलचं हॉटस्पॉट लावा. सेटिंगमध्ये ‘अबाउट क्रोमओएस’ उघडून अपडेट कधीपर्यंत आहेत ते वाचा. 2021 आणि त्यानंतरच्या मॉडेलला गूगल दहा वर्षं अपडेट देतं. जुन्यांचा काही भरवसा नाही. बिलावर सीरियल नंबर आणि जीएसटी नंबर पाहिजेच. दुसऱ्याच्या नावाचा स्कॅनर निघाला की पैसे परत खिशात.

आणि ज्यानं माझं डोकं जास्त फिरतं ते हे: ऑक्टोबर 2023पासून एचपी आणि गूगल चेन्नईजवळ नवी क्रोमबुकं बनवू लागले, तेव्हा किंमत 15,990 रुपयांपासून सांगितली होती. नवीकोरी, कंपनीच्या बिलासकट. मी दिलेल्या पैशांवर आणखी 1,990.

हिंगोलीच्या पाहुण्यांनी कालच कळवलं, की तिकडं तसलंच बॅनर लागलंय, मजकूर तोच, फोन नंबर वेगळा. त्या भागातल्यांनी गेलात तर पावतीचा आणि स्कॅनरवरच्या नावाचा फोटो आधी काढा. परभणीच्या सेलमधली ‘एस्टिमेट’ छापलेली पावती कुणाकडं असेल तर मला कळवा. पाच-दहा जणांचा अर्ज एकत्र गेला तर निदान अंमलदाराला खुर्चीतून उठावं लागेल.